सूर्यावरचे फुगे

१९५८ सालचा जानेवारी. भूमच्या टपाल कचेरीत शास्त्राचे शिक्षक सदावर्ते तारेच्या खिडकीपुढे रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे गूळ रांधणारे गुळवे पाशामियाँ आणि त्यांची तार लिहून द्यायला आलेले ऊसवाले हिंमतराव.

“काय लिहू?”

“गफार, असशील तसा घरी ये.”

“तुमचं पोरगं दक्षिण ध्रुवावर आचारी हाय, पाशामियाँ. शेजारच्या ईट गावाला न्हाय.”

“तिथं सूर्य मावळतच न्हाय. तिथला साहेब दिवसभर दुर्बिणीतनं त्याच्यावरचे फुगे बघतो. गफारनं चित्रं धाडलीत, वेळ लिहून. आधी बारके फुगे, धा मिनिटांत फुटायचे. आता मोठे झालेत, अर्धा घंटा टिकतेत.”

“बरं, मग?”

“काहिलीत असं दिसलं की आपण काय करतो?”

“गूळ झाला म्हणून काहील उतरवतो. पण सूर्याखाली काय चुलवाण हाय व्हय?”

सदावर्त्यांना राहवले नाही. “दुर्बिणीची काच बदलली असेल.”

“काचेनं मोठे दिसतील, गुरुजी. सावकाश कसे फुटतील?”

पायांवर आलेल्या उन्हातून सदावर्ते जरासे सावलीत सरकले.

“हिंमतराव, चाळीस वर्षांत तुमची एक तरी काहील म्या करपू दिली?”

“न्हाय.”

“मग लिहा.”

हिंमतरावांनी लिहिले. कागद खिडकीतून आत सारताना त्यांचा हात थांबला.

“बाबू, आणखी एक फारम द्या. आमचं पोरगं पुण्याला असतंय.”