गंगेत पडलेला शार्कचा दात

थंडीचा विषय निघाला म्हणून सांगते. माझा चुलतभाऊ मिलिंददादा अमेरिकेत असतो. तिथल्या गार, गढूळ नद्यांत बुड्या मारून तो शार्कचे दगड झालेले दात शोधतो. लाखो वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता म्हणे. पहिल्यांदा सापडलेला दात तो कायम गळ्यात घालायचा.

गेल्या माघात तो बनारसला आला, तेव्हा काकू त्याला बालाजी घाटावर स्नानाला घेऊन गेली. मीही होते. धुकं इतकं, की पलीकडचा काठ नव्हताच जणू. दादानं डुबकी घेतली, वर आला आणि गळा चाचपला. दोरा तुटला होता.

तो लगेच पुन्हा खाली गेला. श्वास घ्यायला वर यायचा, परत जायचा. ओठ निळे पडले. एक नाववाला ओरडला, "छोड़ दीजिए भैया, मैया ने रख लिया!" शेवटची बुडी फारच लांबली, तेव्हा काकूनं माझा हात घट्ट धरला.

मग तो हळूच वर आला. हात रिकामे, पण चेहरा गाढ झोपेतून उठल्यासारखा.

"मिळाला?" काकूनं विचारलं.

"नाही गं आई. खाली काही दिसत नाही, नुसता गाळातून हात फिरवत होतो. कुठल्या नदीत आहे, तेच विसरलो."

काकूनं त्याला शालीत गुंडाळलं. "असू दे. लाखो वर्षांनी कुणीतरी इथं बुडी मारेल, त्याला तो दात सापडेल, आणि काशीला समुद्र होता म्हणून जगभर सांगत सुटेल!"