गोळीचा आवाज

तुम्ही मला नेहमी विचारता ना, की नगरच्या त्या माळावर आम्ही दिवसभर करतो तरी काय? लांब पल्ल्याच्या रायफलीच्या गोळ्या झाडून बघतो. गोळी किती वेगानं गेली, किती खाली आली, वाऱ्यानं कुठं सरकली, हे मोजतो. बास.

आमच्या जीपवर बबननाना ड्रायव्हर होते, पारनेरकडचे. त्यांचा मुलगा फौजेत होता. गेल्या हिवाळ्यात सीमेवर, लांबून आलेल्या एकाच गोळीनं तो गेला. नाना परत कामावर आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, एकदा घरी या. मंडळी सारखी इचारती, गोळी येताना पोराला कळलं आसंल का? मी सांगितलेलं तिला पटत न्हाई. तुमी सांगा."

मी गेलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जमेल तसं सांगितलं, "मावशी, ही गोळी आवाजाच्या पुढं धावते. गोळी आधी लागते, आवाज मागून येतो. त्याला काहीच कळलं नसणार."

त्या भिंतीपासून पुढं सरकल्या.

"म्हंजी बार त्याला ऐकूच आला न्हाई?"

"नाही, मावशी."

नानांनी तोंड दाराकडं फिरवलं. मावशींनी पदरानं डोळे पुसले.

"बरं झालं बाबा," त्या म्हणाल्या. "दिवाळीत फटाका वाजला तरी माझ्या कुशीत शिरायचा. आवाजाला लई भ्यायचा त्यो."