गाठ सोडून निघालेल्या पेशी

या, जवळ बसा; रक्ताच्या कॅन्सरच्या ओपीडीत बापलेकीचं बोलणं कानी पडलं, ते सांगते.

"बाबा, चार दिवस गोळी का घेतली नाहीत?"

"पांढऱ्या पेशी दुप्पट झाल्या, बाळा. औषधच उलटलं."

"उलटलं नाही हो! आजारी पेशींना तुमच्या मानेतल्या गाठीत 'जगा, जगा' अशी हाक ऐकू यायची. गोळीनं ती थांबवली, म्हणून त्या रक्तात उतरल्या. हळूहळू विरून जातील. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

"तेव्हा माझा डोळा लागला असेल."

"नेहमीचंच! ते म्हणालेत, आजच परत सुरू करा."

बाबांनी मान चाचपली.

"मऊ लागतेय गं गाठ... झोपेत चालल्यासारख्या निघाल्या असतील बिचाऱ्या पेशी."

"त्यांची कसली कीव करताय?"

"बरं, पाणी दे."

देवापुढे हात जोडाल, तेव्हा या बाबांची आठवण असू द्या.