दारावरचे तीन क्रूस

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, संध्याकाळचे साडेपाच, जानेवारीतला मिट्ट काळोख, बाहेर बर्फ पडतंय, घंटा वाजते, तुम्ही दाराच्या भोकातून बघता आणि बाहेर चार जण, पायघोळ झगे घातलेले, एकाच्या हातात लांब काठी, एकाच्या तोंडाला काळं फासलेलं... तर तुम्ही दार उघडाल? मी नाही उघडलं! तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही, पण नाही उघडलं.

मी मोझांबिकचा, बायको मारेन उत्तरेकडच्या समुद्रकाठची, गोरी अशी की बर्फात उभी राहिली तर शोधावी लागते, आणि आमची मुलगी नेले सात वर्षांची, दोघांच्या मधल्या रंगाची, म्हणजे दोन्हीकडचे लोक वळून बघतात. बव्हेरियातल्या ह्या डोंगराकडच्या गावात आम्ही ऑगस्टमध्ये आलो. मी कवळ्या बनवतो. अख्ख्या गावात माझ्या रंगाचा मी एकटा, आणि इथली म्हातारी माणसं माझ्याकडे बघून हसतात ती मीच बनवलेल्या दातांनी, तरी ते हसणं कसलं हे मला अजून कळलेलं नाही! हे आमचं चौथं गाव. सामान उतरवतानाच मारेन म्हणाली होती, "सेलेस्तीनो, पाचवं गाव शोधायचं झालं तर तू एकट्यानं शोध. मी आणि नेले इथून हलणार नाही." म्हणजे घाबरायला हरकत नाही, पण इथेच राहून घाबरायचं.

तर मी दिवा मालवला, नेलेला उचललं आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. मारेन कामावर. आणि बाहेर ते चौघं काय करतात? गायला लागतात! तुम्ही म्हणाल, अरे वेड्या, मारायला आलेली माणसं कधी गातात होय? गातात! आधीच्या गावात आमच्या खिडकीखाली गातच आली होती. त्यानंतर वर्षभर नेले आमच्या दोघांच्या मधे झोपायची, झोपेतसुद्धा माझी बाही सोडायची नाही. इथे एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं सुरू झालं, मी नळाला धरून बसलोय, आणि नेले माझ्या कानात म्हणते, "बाबा, हे चांगलं गातायत."

गेले एकदाचे. अर्ध्या तासानं दार किलकिलं करून बघतो तर दारावर खडूनं लिहिलेलं... वीस, मग चांदणी, मग तीन अक्षरं, मधे मधे क्रूस, आणि शेवटी पंचवीस. क्रूस मोजले. तीन. घरात माणसं किती? तीन! आणि वीस नि पंचवीस म्हणजे काय, तारखाच की! वीस ते पंचवीसच्या दरम्यान आमचा निकाल लागणार! मी घाबरट माणूस नाही, पण वाचता तर येतं ना? मारेन आली, तिच्याकडे समुद्रकाठी असलं काही नसतं, तीही बघून मटकन बसली. मग मी स्टूल घेतलं, कवळ्या घासायचा ब्रश घेतला आणि सगळं खरवडून काढलं, रंगासकट!

सकाळी समोरच्या हस्लिंगरबाई बर्फ लोटत होत्या. फावडं थांबलं. माझ्या दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"अहो दातवाले, पुसलंत?"

म्हटलं, पुसलं.

"अहो, नाताळच्या गोष्टीतल्या तीन राजांचा आशीर्वाद होता तो. तीन पोरं राजे होतात, चौथं चांदणीची काठी धरतं, आणि घरोघर जाऊन लिहितात. वर्षभर ठेवायचा असतो. वीस-पंचवीस म्हणजे हे चालू साल, दुसरं काय?"

आता मी कुठे तोंड लपवू, सांगा! वर त्या म्हणतात, तुमचा दिवा गेला तेव्हा पोरांना वाटलं, बिचाऱ्यांची वीज गेली, म्हणून दोनाच्या जागी तीन गाणी म्हटली. आणि काळं तोंड? तिघांतला एक राजा म्हणे काळा असतो, तो झाला होता बाईंचा नातू कोर्बिनियान. बाई अगदी प्रेमानं म्हणाल्या, "तुमच्याकडे यायचं म्हणून त्यानं बूटपॉलिश जरा जास्तच लावलं होतं." आता ह्यावर माणसानं चिडायचं की आभार मानायचे? मी आभार मानले. घाबरून.

तर तो कोर्बिनियान गारठून तापानं पडलाय, वरची आळी अजून राहिलीय आणि एक राजा कमी. "तुमची मुलगी येईल का?" मी तोंड उघडायच्या आत नेले मागून हो म्हणाली. बरोबर कुणीतरी मोठं माणूस लागतं. बाईंनी फावडं माझ्याकडे रोखलं.

म्हणजे आज संध्याकाळी अडतीस दारं! मिट्ट काळोख, झगे घातलेली चार पोरं, त्यांच्यामागे मी, घंटा वाजणार आणि आतून कुणीतरी भोकाला डोळा लावणार... मी मारेनला म्हटलं, तूच जा ना. ती म्हणाली, बोलावलंय तुला. मी घाबरट माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण बुटाची नाडी तीनदा बांधली.

तर आत्ता निघताना नेलेनं मुकुट सरळ केला आणि म्हणाली, "बाबा, तू फाटकापाशीच थांब हं. म्हणजे लोक पटकन उघडतील."

सात वर्षांची! हे तिला मी कधी शिकवलं? कुणी शिकवलं? विचारणार होतो, पण... जाऊ दे. फाटकापाशी तर फाटकापाशी. लोक पोरांना खाऊ देतात, त्याची पिशवी धरायला कुणीतरी लागतंच.