झाकण मिटले म्हणजे काय?

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विमा कंपनीचे व्यवस्थापक माननीय मुकुंदराव, आज ज्यांना आपण मद्रासला निरोप देत आहोत ते यंत्रशाखेचे प्रमुख चंद्रमौली, व्यासपीठावरील पाहुणे, आणि तमिळ भाषणे संपल्यावरही आपल्या घरच्या मराठीतले एक भाषण ऐकायला थांबलेल्या बंधुभगिनींनो,

मघाशी माझी ओळख 'यंत्रांची देखभाल करणारे जानकीराम' एवढीच करून दिली गेली. ती अपुरी आहे. हिशेबयंत्राची भोके पाडलेली कार्डे ठेवायचे फणसाच्या लाकडाचे सगळे ट्रे मी केले. त्यांवरची पत्र्याची झाकणे मी केली, बिजागऱ्यांसकट. कार्डातले भोक नेमक्या जागी पडले की नाही हे पाहायची पितळी पट्टी मी घासून बनवली. कार्डांची गड्डी ठोकून सारखी करायची फळी माझी. यंत्रात साचणारी कागदाची पूड उडवायचा कातडी भाता माझा. लोहाराच्या भात्यावरून केला, पण तोंड अधिक निमुळते ठेवले. विलायती कारखान्याच्या वर्गाला मी कधी गेलो नाही. यंत्र उघडले, पाहिले, मिटले, पुन्हा उघडले. असा शिकलो.

हे आधी सांगितले ते एवढ्यासाठी, की हा माणूस मोजूनमापून बोलतो असे धरून आपण ऐकावे. कारण आज जे सांगणार आहे ते मला स्वतःलाच अजून नीट कळलेले नाही.

चंद्रमौलींबद्दल चांगले बोलायला मला जड जाणार नाही. त्रेपन्न साली मद्रासची कंपनी आपल्यात मिळाली तेव्हा ते आपले यंत्र घेऊन आले. आपल्या यंत्राच्या कार्डाला गोल भोक, त्यांच्या कार्डाला लांबट. आपले यंत्र भोकात सुई घालून वाचते, त्यांचे विजेने. एकाचे कार्ड दुसऱ्याला दिले तर ते जागच्या जागी अडते. तरीही दर तिमाहीचा अहवाल दोघांनी मिळून छापायचा असतो: कोणाचा हप्ता आला, कोणाचा नाही, कोणाची पॉलिसी बंद पडली. हे जमवून आणले चंद्रमौलींनी. त्याचे श्रेय त्यांचेच.

जमवायचे कसे? अहवाल छापण्याआधी यंत्र मधल्या बेरजांची नवी कार्डे पाडून काढते. ती तात्पुरती. त्यांवर नाव नाही, नुसते आकडे. अहवाल छापून होईपर्यंत ती सोन्यासारखी, आणि छापून झाला की केर. केरापेक्षाही वाईट, कारण चुकून राहिली तर पुढच्या अहवालात तोच हप्ता दोनदा मोजला जातो. म्हणून ती वेळेवर उचलायची. आणि वेळेआधी उचलायची नाहीत.

आता, काम झाले हे ट्रेला कसे सांगता येणार? मी पंगतीचा रिवाज घेतला. आपल्याकडे जेवण झाले की केळीचे पान स्वतःच्या बाजूला मिटायचे. मिटलेले पान उचलणारा उचलतो, उघड्या पानाला हात लावत नाही. तसेच झाकण. उघडे, म्हणजे अजून काम चालू आहे. मिटलेले, म्हणजे झाले, उचला. हे मी पाटीवर लिहिले आणि दोन यंत्रांच्या खोल्यांमधल्या ओसरीत लावले.

चंद्रमौलींनी त्यांच्या ट्रेंनाही तीच झाकणे मागितली. रस्त्यावरची धूळ येते म्हणाले. मी करून दिली, त्याच मापाची. त्यांच्या मद्रासच्या कचेरीत मात्र झाकण मिटले म्हणजे आत काहीतरी जपून ठेवले आहे, आणि उघडे म्हणजे ट्रे रिकामा. हे त्यांनी मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. झाकणाचा अर्थ काय, असे कोण कोणाला विचारतो?

जुलैत एके दुपारी अहवाल अर्धा छापून झाला आणि वीज गेली. चंद्रमौलींनी उरलेल्या कार्डांचे झाकण मिटले आणि जेवायला गेले. तो ट्रे तिरुनागेश्वरम् गावात वसूल झालेल्या हप्त्यांचा होता. आपल्याकडे कार्डांना भोके पाडणाऱ्या गोमतीकडे टाकाऊ कार्डे गोळा करण्याचेही काम आहे. तिने मिटलेले झाकण पाहिले, पाटी पाहिली, ट्रे उचलला. आपली टाकाऊ कार्डे लगद्यासाठी नेतो तो डोलत्या मानेच्या बाहुल्यांचा कारागीर दारातच उभा होता. वीज आली, यंत्र सुरू झाले, आणि कुरकुर न करता अहवाल पूर्ण झाला. यंत्राला काय ठाऊक, आपल्या पुढ्यातले काय नेले?

पुढच्या पंधरवड्यात त्या गावाच्या लोकांना नोटिसा गेल्या: हप्ता न आल्याने आपली पॉलिसी बंद. पहिले आले पितळी भांड्यांचे व्यापारी पांडुरंगराव. थेट गोमतीच्या टेबलापाशी.

"काय गं पोरी, तुमच्या कागदाप्रमाणे माझी पॉलिसी मेली. मी तर सकाळी दोन इडल्या जास्तच खाल्ल्या. आता सुतक कोणी पाळायचे?"

गोमतीने त्यांची पावती उलटसुलट पाहिली. "मामा, पावती खरी आहे."

"पावती खरी, मी खरा. मग खोटे कोण?"

बंधूंनो, मी तिथेच उभा होतो. तीन महिने झाले, या प्रश्नाचे उत्तर मी शोधतो आहे.

मी कारागिराकडे गेलो. कार्डे त्याच्या घंगाळात भिजून लगदा झाली होती. तो म्हणाला, "साहेब, तुमचा कागद फार गुणी. राजा-राणीच्या मानेच्या कामी आला." बाहुल्या माना डोलवत होत्या. त्यांना काय विचारणार?

मग चंद्रमौलींकडे गेलो. म्हटले, "झाकण का मिटलेत?"

"धूळ बसू नये म्हणून. झाकण कशासाठी असते, जानकीराम राव?"

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली. ती तुमच्या यंत्राची, असे वाटले."

"ओसरीत लावली होती."

"ओसरी कोणाची?"

ओसरी कोणाची? मी मापे घेतली. पाटी दोन्ही दारांपासून अगदी सारख्या अंतरावर निघाली.

माझे झाकण बरोबर होते, त्याबद्दल मी कोणाचे ऐकून घेणार नाही. चंद्रमौलींनी त्यांच्या कचेरीत शिकवले तसे केले, तेही बरोबर. गोमतीने पाटीवर लिहिले होते तेच केले, ते तर अक्षरशः बरोबर. तिघेही बरोबर, आणि अहवाल चूक. असे होते तरी कसे? आपणापैकी कोणाला ठाऊक असेल तर कार्यक्रमानंतर मला गाठावे. तोवर मी एवढे केले आहे: दोन्ही यंत्रांच्या तात्पुरत्या कार्डांना वेगवेगळ्या रंगाची कड दिली आहे, आणि अहवाल छापून, तपासून झाल्यावर ज्याने कार्डे काढली त्यानेच ती टाकायची.

पॉलिसी पुन्हा चालू झाल्या. पांडुरंगराव गोमतीला लाडू देऊन गेले. पण सोमवारी तिची चौकशी आहे, आणि तीत तिची नोकरी जाऊ शकते. घरात आई आहे आणि शिकणारे दोन भाऊ आहेत, हे इथे सर्वांना माहीत आहे. ती तिकडे मागच्या रांगेत बसली आहे. परवा मला म्हणाली, "मामा, मी चुकले असेन तर कुठे चुकले तेवढे सांगा, म्हणजे पुढे नाही चुकणार."

चंद्रमौली, मद्रासला सुखाने जा. आपण भांडलो ते कामासाठीच. फणसाचा एक ट्रे तुमच्यासाठी बांधून ठेवला आहे. झाकण लावलेले नाही.

मुकुंदरावांनी मला बोलू दिले आणि आपण सर्वांनी बसून ऐकून घेतले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. निरोपाच्या दिवशी कचेरीतले बोललो, बोलण्यात कुठे खाचखळगा राहिला असेल, तर आपण पदरात घ्यावे. सोमवारच्या चौकशीला मला कोणी बोलावलेले नाही, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून बसतो.

चंद्रमौलींची रिकामी होणारी जागा मला देऊ करण्यात आली होती. कोणी, ते मी सांगणार नाही. त्यासाठी 'गोमतीने सूचना मोडून ट्रे उचलला' या एका ओळीखाली माझी सही हवी होती. ती सूचना माझ्या हातची आहे, आणि तिने ती मोडलेली नाही. मी सही केली नाही. त्या जागेचा पगार होता दरमहा दोनशे पंचाहत्तर रुपये.