फळ्यावरची जोसेफिन

सन्माननीय अध्यक्ष मृणालिनीताई, आजपासून कार्यवाहपद सांभाळणाऱ्या विमलाबाई, सिल्व्हर पार्क ज्येष्ठ नागरिक वाचनालयाचे सर्व सभासद, आणि राई गावाहून दोन रिक्षा बदलून आलेले, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले धाकूदादा, सर्वांना नमस्कार.

आत्ता माझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. मृणालिनीताई म्हणाल्या, उत्तमरावांनी वाचनालयात इंटरनेटचा फोन आणला. तो मी आणला नाही. माझ्या नीरजने टोरांटोहून पाठवला. मी फक्त सांभाळला. आता थकलोय. पुढच्या आठवड्यात नीरजकडेच जातोय, परत यायचं काही ठरलेलं नाही. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगितलं पाहिजे.

नव्या सभासदांसाठी थोडं मागचं. २००७ साली आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी इंटरनेट होतं. वाचनालयात होतं. नीरजच्या मोबाइलवर इथल्या वायफायवरून परदेशात फुकट बोलता यायचं. खातं एकच, सगळ्यांचं मिळून. सकाळी दहा ते बारा रांग. इथे कुणी नसताना फोन आला, तर पलीकडचा माणूस आपला आवाज ठेवून जायचा. व्हॉइसमेल. स्क्रीनवर त्याचं नाव दिसायचं, आणि मी फळ्यावर लिहायचो, 'हंसाबेन, मुलाचा आवाज आलाय.' हंसाबेन फोन घेऊन बाल्कनीत जायच्या. आत कुणी मान वर करायचं नाही.

दुसऱ्याचा आवाज कुणी ऐकायचा नाही, हा नियम माझा. चौतीस वर्षं टपालखात्यात गेली. पत्ता वाचायचा, पत्र पुढे टाकायचं. एवढंच मला येत होतं.

धाकूदादा आपले सभासद नव्हते. त्यांची सुलू बहारीनला नर्स. साध्या फोनवरून परदेशात बोलणं दोघांनाही परवडत नव्हतं. कुणीतरी त्यांना इथला पत्ता सांगितला. घरी अनसूयावहिनी अंथरुणावर. ते रोज यायचे, फळ्याखाली बसायचे.

गेल्या वर्षी जूनमध्ये, एका सोमवारी, एक आवाज आला. नाव, जोसेफिन. आपल्यात जोसेफिन कुणाचीच नव्हती. मी फळ्यावर लिहिलं, 'जोसेफिन. ज्यांचा असेल त्यांनी ऐकावा.'

"नीरजने तिकडे लग्नबिग्न उरकलं की काय?" विमलाबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

धाकूदादा विचारायचे, "भाऊ, पोरीचा काय हाय का?"

मी यादी बघायचो. "सुलूचं काही नाही."

"बरं." आणि तिथेच बसून राहायचे. त्यांना वाचता येत नाही. येत असतं तरी जोसेफिन या नावाने त्यांना काय सांगितलं असतं?

शुक्रवारी विमलाबाई म्हणाल्या, "उत्तमराव, ऐका की एकदा. कुणाचा का असेना."

"आपण लोकांची पत्रं फोडतो का?"

"पत्र कुठाय हे? मोबाइल आहे. बटण दाबा."

नाही दाबलं. पत्ता न लागणारी पत्रं उघडून बघायला टपालखात्यात वेगळं ऑफिस असतं. माणसाला त्याचं पत्र मिळावं म्हणूनच असतं. त्या ऑफिसात मी दोन वर्षं काढली आहेत. मग बटण का दाबलं नाही? नियम माझा होता आणि सगळे तो पाळत होते. ते मला आवडायचं. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

पुढच्या गुरुवारी, अकराव्या दिवशी, विमलाबाईंनी मला न विचारता बटण दाबलं. सुलू बोलत होती.

"बाबा, माझा कॉम्प्युटर बिघडलाय, जोसेफिनच्या खात्यावरनं बोलते. आई कशी हाय? मला दहा दिवसांची रजा मिळते, पण शनवारच्या आत सांगाया लागंल. येऊ का? माझ्या मोबाइलवर कुणाला तरी नुसता 'ये' एवढा एसएमएस टाकाया सांगा. नाय आला तर मी समजंन, आई बरी हाय."

शनिवार उलटून पाच दिवस झाले होते.

धाकूदादांनी दोनदा ऐकलं. मग विचारलं, "कधीचा हाय?"

मी म्हटलं, "आजच मिळाला. नेट बंद होतं."

विमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या नाहीत. आजपर्यंत बोललेल्या नाहीत. याबद्दल त्यांचे आभार मानावेत की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही.

एसएमएस मीच टाकला. 'ये.' तोवर ती रजा दुसऱ्या नर्सला गेली होती. पुढची ऑगस्टमध्ये.

आवाज फक्त इथेच ऐकू यायचा. राईत वायफाय कुठलं? म्हणून धाकूदादांनी वहिनींना रिक्षातून इथे आणलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी जिना चढवला. मी फोन त्यांच्या कानाला लावला. सुलू विचारत होती, आई कशी हाय. वहिनी म्हणाल्या, "बरी हाय गो मी." आणि थांबल्या. ती पुढे काही बोलेल म्हणून थांबल्या. पलीकडे कुणी नाही, हे त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही.

जुलैत त्या गेल्या. सुलू पोहोचली ती तेराव्याला.

विमलाबाई, फोन तुमच्या ताब्यात देतोय. चार्जर कपाटात, वरच्या खणात आहे. अनोळखी नाव आलं तर फळ्यावर लिहीत बसू नका. त्याच दिवशी ऐका.

मृणालिनीताईंचे आभार. ज्यांनी शाल आणली त्यांचे आभार. त्या दिवशी खुर्चीला हात लावलेल्यांचे आभार, तेव्हा मानायचे राहिले होते.

सात वर्षं इथलं आभारप्रदर्शन मीच केलं. शेवटी, काही उणं राहिलं असेल तर माफ करावं, असं म्हणायचो आणि कागदाची घडी घालायचो. कुणाकडे बघून म्हटलं नाही कधी. आज शेवटच्या रांगेकडे बघून म्हणतोय.

धाकूदादा, मला माफ करा. नेट चालू होतं.