तुमचं शहर फार स्वच्छ आहे

मंडळी, आपण सगळे आलात. सुलभाताईंच्या शोकसभेला अशी पूर्ण हजेरी, तीही वेळेवर! त्यांनी आधी घड्याळ पाहिलं असतं. मला शब्दांची टंचाई कधी नव्हती. आज आहे. सांभाळून घ्या.

जामबागच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या, मी संस्कृत. स्टाफरूममध्ये टेबल एकच. त्यांची एक लाडकी जुनी इंग्रजी कविता होती. कवी मोठ्या शहरातून चालतो आणि त्याला काळ्या भिंतींपलीकडून लोकांची दुःखं, मुलाचं रडणं ऐकू येतं. मी म्हणायचो, "ताई, इथे रूपक, इथे अतिशयोक्ती." त्या म्हणायच्या, "अलंकार मोजून झाले असतील, तर आतला माणूस पाहा."

मी ती मराठीत आणली. अगदी वृत्तात. कवितेतलं ते मूल माझ्या अनुवादात 'आक्रंदन' करायचं. ताईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, तुमचं शहर फार स्वच्छ आहे. झाडून कुणी काढलं?"

मला राग आला. त्यांनी चपला घातल्या आणि मला जवळच्या कोठी भागात नेलं. एका दवाखान्याच्या पायरीवर एक बाई तापलेलं पोर घेऊन बसली होती. मी मनात लगेच करुणरस लिहून घेतला. ताई तिच्याशेजारी बसल्या.

"क्या हुआ, अम्मा? कब से बैठे?"

"सुबे से, मॅडम. नंबरच नै आरा."

ते पोर आक्रंदन करत नव्हतं. तेवढं त्राणच नव्हतं. नुसतं कण्हत होतं. नंबर लागेपर्यंत आम्ही बसलो. परतताना ताई म्हणाल्या, "कवितेतली काळी भिंत पोरं परीक्षेत प्रतिमा म्हणून लिहितात. पलीकडून कुणी कण्हलं, तरच ती प्रतिमा. नाहीतर नुसती भिंत."

मी पुन्हा लिहायला बसलो. वृत्त मोडलं. त्या विचारत राहिल्या, "झालं का?" मी म्हणत राहिलो, "एक ओळ राहिलीय." कुठली ओळ? एकही राहिली नव्हती, मंडळी. मला त्यांची भीती वाटत होती. त्या आजारी पडल्या, तेव्हा ठरवलं, मंगळवारी जाऊन वाचायचीच. सोमवारी त्या गेल्या.

कागद खिशात आहे. त्यांच्या भाचीनं मघाशी विचारलं, "काका, वाचता का?" नाही वाचणार. तुम्ही भली माणसं. ऐकून 'छान' म्हणाल. मला छान नकोय. मला टेबलापलीकडून, चष्मा कपाळावर सारून, "चूक!" म्हणणारं माणूस हवंय. ते कुठून आणू?

उभे राहूया. दोन मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही. ताई, तुमच्यासमोर गप्प राहणं मला कधी जमलं नाही. आज जमवतो.